जोडीने कोल्हापूर पाहताना: मोटारप्रवासातील एका दिवसाची आखणी

पुण्याहून गोव्याकडे किंवा तळकोकणाकडे स्वतःच्या गाडीने निघालेली अनेक जोडपी वाटेत कोल्हापूरला मुक्काम करतात आणि हाताशी असलेल्या एका दिवसात अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी, खिद्रापूर आणि कणेरी मठ अशी सगळी ठिकाणे पाहून घेण्याचा बेत आखतात. प्रत्येक ठिकाणाचे अंतर सुटे पाहिले तर ते फारसे वाटत नाही, म्हणून हा बेत जमण्यासारखा दिसतो. परंतु पन्हाळा आणि जोतिबा शहराच्या वायव्येला आहेत, वाडी आणि खिद्रापूर पूर्वेला आहेत आणि कणेरी दक्षिणेला महामार्गाच्या बाजूला आहे. त्यामुळे प्रत्येक वेळी शहराच्या गर्दीतून परत यावे लागते, आणि संध्याकाळी हिशेब केला तर दिवसाचा निम्म्याहून अधिक भाग गाडीतच गेलेला असतो. कोल्हापूर हे पायी फिरण्याचे आणि बसून जेवण्याचे गाव आहे. म्हणून या लेखातील आखणी एकाच नियमावर उभी आहे: गाडी दिवसातून एकदाच शहराबाहेर काढायची, तीही दुपारनंतर आणि फक्त पन्हाळ्यासाठी. बाकीचा दिवस पायी किंवा रिक्षाने घालवायचा.

निघण्यापूर्वी: ऋतू, वार आणि मुक्कामाची जागा

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा आहे. ऊसतोडणीचा हंगामही साधारण याच काळात असतो, त्यामुळे रस्त्याकडेची गुऱ्हाळे चालू असतात आणि गरम काकवी चाखायला मिळते. ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे रात्री गाडी चालवणे मात्र याच दिवसांत जिकिरीचे होते. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात, म्हणून अंधार पडण्यापूर्वी मुक्कामाला पोहोचणे चांगले.

पावसाळ्यात पन्हाळ्याचे रूप अतिशय देखणे असते, परंतु जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी पंचगंगेच्या पाणीपातळीची बातमी अवश्य पाहावी. राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावरच पाणी आले होते आणि वाहतूक बंद पडली होती. पाणी इशारा पातळीकडे चढत असल्याचे कळले, तर प्रवास दोन-चार दिवस पुढे ढकलावा. पर्यायी रस्ते शोधत बसण्यात अर्थ नसतो, कारण तेही बहुधा पाण्याखाली जातात.

वाराचाही विचार करावा. मंगळवार आणि शुक्रवार हे देवीचे वार असल्याने मंदिरात गर्दी अधिक असते. रविवार जोतिबाचा असल्याने त्या दिवशी पन्हाळ्याच्या रस्त्यावरही वाहने वाढतात. सोमवारी टाऊन हॉलमधील शासकीय वस्तुसंग्रहालय बंद असते. बुधवार हा मटणाचाही वार आहे आणि मंदिरात गर्दीही त्यामानाने कमी असते, त्यामुळे निवड करता येत असेल तर बुधवार धरावा. नवरात्रात शहर उत्साहाने भरलेले असते आणि दसरा चौकातील शाही दसरा पाहण्यासारखाच असतो. मात्र ती स्वतंत्र यात्रा समजून यावे. एका दिवसाच्या धावत्या मुक्कामात ती बसत नाही.

मुक्कामासाठी मंदिराजवळची जागा मोहात पाडते, परंतु महाद्वार रोड, गुजरी आणि ताराबाई रोडच्या गल्ल्या अरुंद आहेत आणि तेथे गाडी लावायला जागा मिळणे कठीण आहे. स्वतःची गाडी असेल तर स्टेशन रोड, शाहूपुरी किंवा ताराबाई पार्क या भागातील पार्किंग असलेले हॉटेल निवडावे. पुण्याकडून येताना किणीचा टोलनाका, शिरोली आणि पंचगंगेचा पूल ओलांडला की तावडे हॉटेलच्या चौकातून शहरात वळायचे आणि कावळा नाक्यावरून पुढे यायचे. हा सगळा भाग त्याच वाटेवर किंवा तिच्या अगदी जवळ आहे. महामार्गावर सहापदरीकरणाची कामे चालू असल्याने ठिकठिकाणी वाहतूक वळवलेली असते, म्हणून पुण्यापासूनच्या सुमारे 230 किलोमीटरसाठी नकाशावर दिसणाऱ्या वेळेपेक्षा तासभर अधिक धरावा.

आदल्या रात्री दोघांनी मिळून एक छोटे काम करावे. उद्याच्या दिवसात प्रत्येकाला चुकवायची नाही अशी एकच गोष्ट प्रत्येकाने सांगावी. एकाला संग्रहालय हवे असेल, दुसऱ्याला गुजरीच्या सराफपेठेत साज हा गळ्यातला दागिना पाहायचा असेल. या दोन गोष्टींना आधी वेळ द्यावा आणि बाकीचे सारे त्यांच्याभोवती बसवावे. असे ठरलेले असले की दुपारी तीन वाजता भर उन्हात "आता काय करायचे" यावर रस्त्यात वाद होत नाही, आणि वेळ कमी पडला तर काय गाळायचे हेही आधीच माहीत असते.

पहाट: अंबाबाईचे दर्शन

पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास रिक्षाने मंदिर गाठावे. गाडीच न्यायची असेल तर ती बिंदू चौकातील वाहनतळावर लावून भवानी मंडपाच्या बाजूने पायी जावे. मंदिराच्या अधिक जवळ नेण्याचा प्रयत्न करू नये. दिवसभरात अनेकदा पादत्राणे काढावी लागतात, म्हणून पटकन घालता-काढता येतील अशी साधी चप्पल घालावी. दोघांचेही कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे असावेत.

ओटी भरायची असेल तर खण, नारळ, हळद-कुंकू आणि वेणी महाद्वाराबाहेरच्या दुकानांत मिळते. भाव आधी विचारून घ्यावा. दर्शनाचे दोन मार्ग आहेत. रांगेतून जाऊन जवळून दर्शन घेता येते किंवा गरुड मंडपाच्या बाजूने मुखदर्शन घेता येते. पहाटे रांग लहान असते, त्यामुळे जवळून दर्शन घ्यावे. रांग बाहेरपर्यंत गेलेली असेल तर संकोच न करता मुखदर्शन घ्यावे, कारण या मंदिरात गाभाऱ्याबाहेरही पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

मूर्तीसमोर मिळणारे क्षण थोडे असतात, म्हणून काय पाहायचे ते आधी माहीत असावे. देवी चतुर्भुज आहे. तिच्या हातांत म्हाळुंग हे फळ, गदा, ढाल आणि पानपात्र आहे, मस्तकावर नाग आहे आणि मागे सिंह आहे. अलंकार आणि साडीमुळे यातले सगळेच नेहमी दिसत नाही, तरी माहीत असले की नजर योग्य ठिकाणी जाते. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळेच 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी आणि 9 ते 11 नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत येतात आणि किरणोत्सव होतो. हवा स्वच्छ असेल आणि वाटेत अडथळा नसेल तर किरणे पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोहोचतात. तुमचा प्रवास या तारखांना येत असेल तर सारी आखणी बदलावी आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी मंदिरात यावे. पन्हाळा त्या दिवशी सकाळी उरकावा.

दर्शनानंतर लगेच बाहेर पडू नये. महाकाली आणि महासरस्वती यांचे दर्शन घेऊन मंदिराला बाहेरून एक संथ प्रदक्षिणा घालावी. काळ्या दगडाच्या बाह्य भिंती सरळ नाहीत. त्या कोनाकोनाने आत-बाहेर वळत जातात आणि त्या प्रत्येक वळणावर वाद्ये वाजवणाऱ्या, नृत्य करणाऱ्या स्त्रियांची शिल्पे आहेत. सकाळी ऊन तिरपे येते तेव्हा या शिल्पांच्या बोटांची आणि दागिन्यांची कोरीव रेषा उठून दिसते. दुपारच्या उभ्या उन्हात तीच शिल्पे सपाट वाटतात. पहाटे येण्याचा खरा लाभ हाच आहे, आणि दर्शन झाल्याबरोबर निघून जाणाऱ्यांना तो मिळत नाही.

सकाळ: भवानी मंडप ते बिंदू चौक, पायी

मंदिराला लागूनच जुना राजवाडा आणि भवानी मंडप आहे. नगारखान्याच्या दगडी कमानीखालून आत गेले की छत्रपती घराण्याच्या तुळजाभवानीचे मंदिर लागते. जवळच मोतीबाग तालीम आहे. तालमी या शहराचा कणा आहेत आणि पहाटेचा व्यायाम चालू असताना एखादी पाहायला मिळाली तर तो अनुभव सोडू नये. मात्र आधी वस्तादांची परवानगी घ्यावी, आखाड्याच्या मातीत पाय ठेवू नये आणि छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत. काही तालमींत स्त्रियांनी आत जाण्याची रीत नाही. तसे असेल तर एकट्याने आत जाऊन दुसऱ्याला बाहेर ताटकळत ठेवण्यापेक्षा दोघांनी मिळून खासबाग मैदानाकडे वळावे.

खासबाग मैदान चालत काही मिनिटांवर आहे. शाहू महाराज 1902 मध्ये युरोपला गेले होते. तेथे पाहिलेल्या रोमच्या क्रीडागाराची कल्पना मनात ठेवून त्यांनी हे कुस्तीचे मैदान बांधवले आणि 1912 मध्ये ते खुले झाले. रिकामे मैदानही थांबून पाहावे. मधला हौदा आणि त्याभोवती गोलाकार वर चढत जाणारी बैठक अशी त्याची रचना आहे, त्यामुळे शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालाही पुढच्याचे डोके आड न येता कुस्ती दिसते. एकाने हौद्याच्या कडेला उभे राहावे, दुसऱ्याने सर्वांत वरच्या पायरीवर जावे, म्हणजे ही रचना शब्दांशिवाय समजते. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह आहे. 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले हे नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळाले. ती रात्र केशवरावांच्या जयंतीची पूर्वसंध्या होती, आणि ते दुःख कोल्हापूरकरांच्या बोलण्यात आजही येते.

तोपर्यंत भूक लागलेली असते. मिसळ हा येथे सकाळचा पदार्थ आहे. नामांकित ठिकाणी दुपारपर्यंत ती संपते. उद्यमनगरातील फडतरे आणि कसबा बावड्यातील बावडा मिसळ ही नावे बाहेरगावी अधिक पोहोचली आहेत, परंतु खासबाग परिसरातही चांगली मिसळ मिळते आणि तेथे चालत जाता येते. वेळ कमी असेल तर चालत जाण्याजोगे ठिकाण निवडावे. नावासाठी शहर ओलांडून रांगेत तासभर उभे राहणे या दिवसाला परवडणारे नाही. कोल्हापुरात मिसळीबरोबर अनेक ठिकाणी पावाऐवजी ब्रेडचे स्लाईस येतात. कट, म्हणजे मिसळीवरचा तिखट रस्सा, वेगळा मागता येतो. तिखटाची सवय नसेल तर पहिल्या वाढपात कट कमी घालायला सांगावे, दही मागावे आणि मग चवीप्रमाणे कट वाढवत न्यावा.

खाऊन झाल्यावर बिंदू चौकाकडे चालत यावे. येथे महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे आहेत. ते 9 डिसेंबर 1950 रोजी उभारले गेले, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीत. गाड्यांच्या वर्दळीत बहुतेक पर्यटक त्यांच्याकडे न पाहताच पुढे जातात, आणि याची मला मनापासून खंत वाटते. 26 जुलै 1902 रोजी मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणाऱ्या संस्थानाच्या राजधानीत हे पुतळे उभे आहेत. येथून दसरा चौकापर्यंत गेलात तर शाहू महाराजांच्या पुतळ्याच्या आसपास वेगवेगळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या प्रोत्साहनाने निघालेल्या वसतिगृहांच्या इमारती दिसतात. शहराचा हा भाग पाहायला तिकीट लागत नाही आणि अर्ध्या तासाहून अधिक वेळही लागत नाही.

दहा ते साडेबारा: एकच संग्रहालय, आणि चप्पल

येथे निवड करावी लागते. न्यू पॅलेस आणि टाऊन हॉल ही दोन्ही संग्रहालये चांगली आहेत, परंतु दोन्ही एका सकाळी पाहिली तर दुसरे थकलेल्या डोळ्यांनी पाहिले जाते.

न्यू पॅलेस 1877 ते 1884 या काळात मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार बांधला गेला. काळ्या दगडातील ही वास्तू आणि तिचा मधला अष्टकोनी घड्याळाचा मनोरा बाहेरूनच लक्ष वेधून घेतो. आतल्या छत्रपती शहाजी संग्रहालयात शस्त्रे, पोशाख आणि शिकारीतील प्राणी आहेत, परंतु सर्वांत सुंदर आहे तो दरबार हॉल. त्याच्या खिडक्यांच्या रंगीत काचांवर शिवाजी महाराजांच्या जीवनातील प्रसंग चितारलेले आहेत. आत छायाचित्रणाला मनाई असते, त्यामुळे मोबाइल खिशात ठेवून शांतपणे पाहता येते. पहिल्यांदाच कोल्हापूरला येणाऱ्यांनी हेच संग्रहालय निवडावे.

ज्यांना प्राचीन इतिहासाची ओढ आहे, त्यांनी मात्र सीपीआर रुग्णालयासमोरच्या टाऊन हॉलमध्ये जावे. पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेल्या वस्तू येथे आहेत. त्यांत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची काशाची छोटी मूर्ती आहे. सातवाहन काळात रोमन जगाशी चालणाऱ्या व्यापाराचा इतका ठोस पुरावा, समुद्रापासून घाट चढून इतक्या आत यावा, हे तिच्यासमोर उभे राहिल्यावरच नीट जाणवते. मूर्ती लहान असल्याने घाईत ती नजरेतून निसटते. आत शिरताच कर्मचाऱ्यांना तिची जागा विचारून घ्यावी.

संग्रहालयानंतर चप्पल ओळीत यावे. शिवाजी चौक ते भवानी मंडप या परिसरातील दुकाने दहा-साडेदहानंतर उघडतात. कोल्हापुरी चप्पलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातील मिळून आठ जिल्ह्यांना लागू आहे. 2025 मध्ये इटलीतील एका मोठ्या फॅशन कंपनीने तशाच घडणीच्या चपला मिलानच्या रंगमंचावर मूळ कारागिरांचा उल्लेख न करता सादर केल्या, तेव्हा त्याविरुद्ध कोल्हापुरातून जोरदार आवाज उठला. त्यानंतर बाजारात गिऱ्हाईक वाढले, आणि त्याबरोबर नकली मालाचा धोकाही आहे. म्हणून पारख माहीत असावी.

जोड हातात घेऊन आधी उलटा करावा. अस्सल जोडात तळ आणि टाच यांचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. खिळा दिसता कामा नये आणि तळाला रबर लावलेले असेल तर ते दुकानदाराने आधी सांगायला हवे. वनस्पतींच्या साली आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याला एक विशिष्ट, थोडा उग्र पण ओळखीचा वास येतो. रेक्झिनला किंवा कागदी पुठ्ठ्याला तो येत नाही. कडेला थर मोजावेत आणि बोटाने दाबून पाहावेत. मधला थर पुठ्ठ्याचा असेल तर कड भुसभुशीत लागते. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाली, पुकरी असे निरनिराळे प्रकार दाखवायला सांगावेत, कारण नुसते "कोल्हापुरी द्या" म्हटले तर पुढ्यात येईल तोच जोड घ्यावा लागतो. माप घट्टच घ्यावे, कारण चामडे वापरात सैल होते. सकाळभर चालल्यानंतर पाय किंचित सुजलेले असतात, हे मात्र ध्यानात ठेवावे. नव्या जोडाच्या अंगठ्याला आणि पट्ट्यांना आतून थोडे तेल लावून रात्रभर ठेवावे आणि पहिले काही दिवस घरातच वापरावा. पन्हाळ्याच्या दगडी पायऱ्यांवर त्याच दुपारी नवा जोड घालून चढू नये. पावसात भिजला तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवावा.

साज पाहायचा असेल तर गुजरी जवळच आहे. परंपरेने साजात 21 पाने मानतात: दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक आणि पाचू यांची आणि एक ताईताचे. साज विकत घ्यायचा नसला तरी सराफाला ती पाने एकेक करून ओळखायला सांगावीत. गर्दी नसेल तर तो हे काम आनंदाने करतो.

जेवण आणि विश्रांती

मटणाचे ताट हा या दिवसाचा मध्य आहे. सुके मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी किंवा चपाती आणि शेवटी भात अशी त्याची मांडणी असते. तांबड्याला रंग आणि धार येते ती कांदा-लसूण चटणीने. पांढरा रस्सा मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचे दूध, खसखस आणि तीळ घालून होतो. आधी पांढरा वाटीनेच प्यावा, मग तांबड्याकडे वळावे, म्हणजे पांढऱ्यातली सौम्य चव कळते. रस्सा पुन्हा मागायला संकोच करू नये. खाणावळ निवडताना एकच खूण पुरेशी आहे: दुपारी एकच्या सुमारास स्थानिक कुटुंबे जेथे जागेसाठी थांबलेली दिसतील, तेथे जावे.

शाकाहारी जोडप्यांनी मेनूतील "व्हेज कोल्हापुरी"च्या मागे लागू नये. तो हॉटेलांनी रूढ केलेला पदार्थ आहे, येथील घरांतला नव्हे. त्याऐवजी अख्खा मसूर आणि रोटी घ्यावी, किंवा जेवण हलके ठेवून पन्हाळ्यावर झुणका-भाकर खावी. दोघांपैकी एकच मांसाहारी असेल तर दोन्ही प्रकारची ताटे देणारी खाणावळ शोधावी. अशा खाणावळी पुष्कळ आहेत.

जेवणानंतर किमान एक तास मुक्कामी येऊन पडावे. पहाटे पाचला उठलेल्या आणि भरपेट जेवलेल्या माणसाने दुपारी दोन वाजता घाटरस्त्यावर गाडी चालवणे धोक्याचे आहे. दोघांनाही गाडी येत असेल तर ज्याने कमी जेवण घेतले आहे त्याने पन्हाळ्याला जाताना चालवावी, आणि येताना दुसऱ्याने.

दुपार: पन्हाळा

तीनच्या सुमारास निघावे. शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडून रत्नागिरीच्या रस्त्याला लागायचे, केर्ली मागे टाकायची आणि वाघबीळहून पन्हाळ्याचा फाटा घ्यायचा. अंतर वीस किलोमीटरच्या आसपास आहे. केर्लीजवळ जोतिबाच्या डोंगराचा रस्ता फुटतो आणि "इतके जवळ आहे तर जाऊन येऊ" असे वाटते. या दिवशी तो मोह टाळावा. जोतिबाला जायचेच असेल तर पन्हाळ्यावरील ठिकाणे निम्मी करावी लागतात, आणि गड अर्धवट पाहण्यासारखा नाही.

शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात बाराव्या शतकात उभारलेला हा गड जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत आला. गडावर गाडी जाते, गाव नांदते आहे आणि ठिकाणे पसरलेली आहेत, म्हणून क्रम ठरवूनच फिरावे. आत शिरताना बाजीप्रभू देशपांडे आणि शिवा काशीद यांच्या स्मारकांपाशी थांबावे. मार्च 1660 पासून सिद्दी जौहरचा वेढा पडला होता, आणि जुलैच्या पावसात शिवाजी महाराज राजदिंडीच्या वाटेने उतरून विशाळगडाकडे निघाले. महाराजांचा वेश घेऊन शत्रूच्या हाती सापडलेला शिवा काशीद आणि घोडखिंड अडवून धरणारे बाजीप्रभू या दोघांच्या बलिदानामुळे ती सुटका शक्य झाली. ही हकिगत प्रत्येकाला ठाऊक असते, परंतु तटावर उभे राहून पश्चिमेकडच्या डोंगररांगा पाहिल्या आणि त्या रात्री पावसात, चिखलात, अंधारात केलेली वाटचाल मनात आणली की तिचे मोल वेगळेच कळते.

तेथून अंबरखान्याकडे जावे. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावे असलेली ही तीन धान्यकोठारे आहेत. गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे असे सांगतात. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे, मग वर पाहावे: छताला ठेवलेल्या झरोक्यांतून धान्य ओतले जाई. बाहेरच्या पायऱ्यांनी छतावर जाता येते तेव्हा तेच झरोके पायाशी दिसतात, आणि महिनोन् महिने वेढा सोसणारा गड कशाच्या बळावर उभा राहत असे ते लक्षात येते.

यानंतर पूर्व कडेवरची सज्जाकोठी पाहावी. दरीकडे उघडणाऱ्या तिच्या सज्जात वारा इतका जोराचा असतो की ओढणी आणि टोपी सांभाळावी लागते. संभाजीराजांचे वास्तव्य येथे होते, म्हणून इथे आवाज खाली ठेवावा आणि भिंतींवर नावे कोरणाऱ्यांना दिसताच थांबवावे.

शेवटी पश्चिमेकडे यावे. तीन दरवाजा आणि त्यालगतची अंधारबाव या दोन ठिकाणांसाठी अर्धा-पाऊण तास हातात असावा. अंधारबाव वरून साध्या इमारतीसारखी दिसते, पण ती तीन मजली असून तळाशी पाणी आहे, मध्ये पहाऱ्याला बसण्याची सोय आहे आणि गडाबाहेर पडण्याची वाटही ठेवलेली आहे. पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतात. एका वेळी एकाने उतरावे, मोबाइलचा दिवा आधीच लावून ठेवावा. वर आल्यावर ठेल्यावरची झुणका-भाकर, ठेचा आणि मडक्यातले दही घेऊन पुसाटी बुरुजावर सूर्यास्ताला बसावे.

सूर्य मावळला की रेंगाळू नये. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात धुके पटकन उतरते आणि वळणे दिसेनाशी होतात. उतारावर खालचा गिअर ठेवावा, प्रखर दिवा न लावता खालचा दिवा वापरावा, आणि धुके दाट असेल तर पुढच्या वाहनाच्या मागच्या दिव्यांच्या भरवशावर वेग वाढवू नये.

संध्याकाळ: रंकाळा

परतीच्या वाटेवर शहरात शिरताच गंगावेस लागते. तेथील दूधकट्ट्यावर म्हशी आणून उभ्या केलेल्या असतात आणि समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात दिले जाते. धारोष्ण दूध पोटाला सोसत नसेल तर नुसते पाहावे. दुपारी मटण जेवलेल्यांनी ते टाळलेलेच बरे.

गाडी रंकाळ्याजवळ लावून तलावाच्या काठाने चालावे. पाण्यातला संध्यामठ, पलीकडे शालिनी पॅलेस, काठावर भेळेच्या गाड्या, फिरायला आलेली कुटुंबे, तालमीतून परतणारी मुले असे सारे कोल्हापूर येथे एकाच वेळी भेटते. दिवसभर बरोबर असूनही पाहण्याच्या गडबडीत दोघांना निवांत बोलायला सवड मिळालेली नसते. ती येथे मिळते, म्हणून या तासात आणखी एखादे ठिकाण घुसवू नये. रात्रीचे जेवण भेळेवर किंवा कटवड्यावर भागते.

खोलीवर परतण्यापूर्वी पुढच्या प्रवासाचा शिधा घ्यावा: भडंग, कांदा-लसूण चटणी आणि गूळ. कोल्हापुरी गुळालाही भौगोलिक मानांकन आहे. ढेप घेताना फार पिवळीधमक निवडू नये. रसायन न घातलेला गूळ बहुधा गडद तपकिरी असतो. चटणी दोन पिशव्यांत बांधून घ्यावी, नाहीतर गाडीतल्या कपड्यांना तिचा वास लागतो.

दुसऱ्या दिवशीचा घाट रात्रीच ठरवावा. रत्नागिरीसाठी मलकापूरवरून आंबा घाट आहे, तळकोकणासाठी गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाट, राधानगरीच्या बाजूने फोंडा घाट, आणि गोव्यासाठी निपाणी-आजरामार्गे आंबोली. पावसाळ्यात यांपैकी एखादा घाट दरड कोसळून बंद असू शकतो, म्हणून हॉटेलच्या काउंटरवर किंवा पेट्रोल पंपावर त्या दिशेने आलेल्या चालकाला रस्ता विचारावा. टाकी रात्रीच भरून घ्यावी आणि सकाळी सातच्या आत शहर सोडावे. दक्षिणेकडे महामार्गाने जाणाऱ्यांना गोकुळ शिरगावजवळून आत वळून कणेरी मठातील सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय पाहता येते. ते वाटेवरच असल्याने त्यासाठी आदल्या दिवशी वेगळी फेरी करण्याचे कारण राहत नाही. त्यांनी मात्र सातची घाई न करता संग्रहालय उघडण्याच्या वेळेच्या बेताने निघावे.